तिसऱ्याचा विमा आणि आपला

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कविता करणाऱ्या माणसाने मोटारीच्या विम्यावर बोलावं, हे तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं. पण कवीकडेही गाडी असू शकते आणि त्या गाडीला विमा लागतोच. शिवाय हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, पुराच्या पाण्यात शिकलो.

२२ जुलै २०२१. ही तारीख चिपळूणकरांना वेगळी सांगावी लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं आणि बाजारपेठेतली दुकानं, तळमजले बुडाले. माझा भाचा त्याच भागात राहतो. चार महिन्यांपूर्वीच त्याने जुनी मोटार घेतली होती. पैसे कमी पडले तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. ती गाडी टपापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर चिखल उपसता उपसता भाचा मला फोनवर म्हणाला, "मामू, गाडी गेली. पण काळजी नाही, विमा आहे. विचारूनच घेतलीय."

विमा खरोखरच होता. मी कागद पाहिला. वर इंग्रजीत 'लायबिलिटी ओन्ली' असं छापलं होतं. मी बी. ए. झालेला माणूस, दोन्ही शब्दांचे अर्थ मला येत होते. दोन्ही मिळून होणारा अर्थ मात्र विमा कंपनीच्या कचेरीतल्या मुलीने सांगितला : "काका, यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही."

तेव्हापासून हा कागद मी समजून घेतला. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

विम्याच्या करारात पहिला पक्ष आपण, दुसरा विमा कंपनी. आपल्या गाडीमुळे ज्याला इजा झाली किंवा ज्याचं नुकसान झालं, तो तिसरा. व्याकरणात मी, तू आणि तो असतात ना, तसंच. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती केली आहे ती या तिसऱ्याच्या विम्याची. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही सक्ती मला योग्य वाटते. आपल्या हातून एखादा पादचारी दगावला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळणं आपल्या खिशावर अवलंबून राहू नये. मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी या विम्याला रकमेची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनी देते. कुणाची भिंत, दुकान, गाडी मोडली तर मात्र खासगी मोटारीसाठी साडेसात लाखांपर्यंतच.

या विम्याचा हप्ता सरकार ठरवतं. १ जून २०२२ला लागू झालेल्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सीसीच्या मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये होते. स्वस्त असल्यामुळे जुनी गाडी घेणारे पुष्कळ जण इथेच थांबतात. भाच्याने विचारलं होतं, "विमा आहे ना?" उत्तर आलं, "आहे." प्रश्न खरा होता, उत्तरही खरं होतं. कोणाचा विमा, एवढंच विचारायचं राहिलं.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मी दचकलोच. खासगी मोटारीत आपल्या शेजारी बसलेली बायको, मागे बसलेला मित्र हेही 'तिसरे' असतील, असं आपण धरून चालतो. तसं नाही. पॉलिसी फक्त कायद्यापुरती असेल, तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी तिच्यात येत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. पॅकेज पॉलिसीत ती येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. कविसंमेलनाला जाताना चार कवी माझ्या गाडीत कोंबून मी किती वेळा निघालो असेन!

ही पॅकेज पॉलिसी म्हणजे दुसरा प्रकार. लोक तिला 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात. तिच्यात तिसऱ्याचा विमा असतोच, शिवाय आपल्या गाडीचाही असतो : अपघात, चोरी, आग, पूर, वादळ, दरड, भूकंप, दंगल. १ सप्टेंबर २०१९पासून फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची वेगळी पॉलिसीही मिळते. नवी मोटार घेताना तिसऱ्याचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो चालू असताना दरवर्षी ही वेगळी पॉलिसी जोडता येते. पहिलं वर्ष संपलं की अनेकांना वाटतं, विमा तीन वर्षांचा आहे. तो तिसऱ्याचा असतो. आपल्या गाडीचा संपलेला असू शकतो.

पण 'फुल' या शब्दावर विसंबू नका. माझी स्वतःची पॉलिसी 'फुल' होती. माझं घर थोडं उंचावर, त्यामुळे गाडी बॉनेटपर्यंतच बुडाली. पाणी उतरलं, मेकॅनिक मिळेना. मी म्हटलं, बघू तरी, आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं ते कायमचं. सर्वेअर आला, त्याने सीटा, वायरिंग, साफसफाई सगळं धरलं. इंजिन धरलं नाही. पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने होणारं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची जोडपॉलिसी वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते. २६ जुलै २००५ला मुंबईत किती गाड्या अशाच पाण्यात उभ्या होत्या! तो धडा सोळा वर्षांनी माझ्यापर्यंत पोचला. म्हणून सांगतो : गाडी पाण्यात गेली तर किल्लीला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून गॅरेजला न्या.

दुसरी कात्री घसाऱ्याची. अपघातात बंपर तुटला, तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात. काचेवर कापत नाहीत. हा घसारा टाळायचा तर 'झीरो डेप' ही जोडपॉलिसी आहे. नव्या गाडीला ती जरूर घ्यावी.

गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळते ती कागदावरची 'आयडीव्ही', म्हणजे गाडीची ठरलेली विमा किंमत. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ती नव्या गाडीच्या किमतीच्या निम्मी धरतात. हप्ता कमी दिसावा म्हणून कुणी ही किंमत खाली आणत असेल, तर सावध व्हा. आज वाचलेले हजार रुपये उद्या लाखाला पडतील.

मालकाच्या जिवाचाही विमा असतो. गाडीचा मालक स्वतः परवान्यासह चालवत असेल, तर त्याच्यासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो बायकोला किंवा मुलाला आपोआप लागू होत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. गाडी नावावर झाली की तिसऱ्याचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो. स्वतःच्या गाडीचा भाग तसा येत नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं दावा केला नाही तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की शून्यावर येतो.

तेव्हा एका संध्याकाळी तो कागद काढा. पुढचे चार प्रश्न त्याला विचारा. हा विमा फक्त तिसऱ्याचा की माझाही? गाडीत बसणाऱ्यांचं काय? गाडीची किंमत किती लिहिली आहे? आणि कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत? उत्तर कळलं नाही तर एजंटला मराठीत सांगायला लावा. लाज बाळगू नका, मी बाळगली होती.

भाच्याने ती गाडी भंगारात दिली. गेल्या वर्षी त्याने दुसरी घेतली. त्या रात्री त्याने फोनवर मला सबंध पॉलिसी वाचून दाखवली, बारीक अक्षरांसकट. आपा शेजारीच बसली होती. तिच्या बांगड्या अजून झालेल्या नाहीत. पण ती मधेच म्हणाली, "सावकाश वाच, मलाही कळू दे."