गाठ हाताला लागते, रिपोर्ट मात्र नॉर्मल

स्तनात गाठ लागते, मॅमोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि फाईल कपाटात जाते. चूक होते ती इथेच. फिल्मवर स्तनाचा दाट भाग पांढरा दिसतो आणि कर्करोगाची गाठही पांढरीच; तरुण वयात हा दाट भाग जास्त, त्यामुळे गाठ त्यात सहज लपते. हाताला लागणाऱ्या दर १० कर्करोगांमागे एखाद-दुसरा मॅमोग्राफीतून निसटतो. मग हाताला कमी का लेखायचं? टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. त्या गटात पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

बहुतेक गाठी साध्याच असतात, मग कशाला जिवाला घोर, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण साधी कोणती, हे ठरवायला सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी लागते. जागा बधिर करून गाठीचे बारीक तुकडे काढतात. सुई लावली की रोग पसरतो, ही भीती आपल्याकडे फार. तिला आधार नाही. दुखत नाही म्हणून थांबणं तर उलटंच, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. कराड-पाटणकडच्या बायकांना मलकापुरातच कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे जाताना जुनी फिल्म सोबत न्यावी आणि ‘गाठ अजून लागते’ हे स्पष्ट सांगावं.