समुद्रतळाची बुरशी आणि आपल्या घरातली गोळी



शिळ्या भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत, द्राक्षबागेत भुरी म्हणून बुरशी आपल्याला रोज भेटते. पण ती समुद्राच्या तळाशीही राहते, हे ठाऊक आहे का?

गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या डॉ. चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागरात सुमारे 5000 मीटर खोलीवरचा गाळ वर आणला आणि त्यातून बुरशी वाढवली. तिथे उजेड नाही, पाणी बर्फासारखं गार आणि दाब इथल्या हवेच्या 500 पट. तरीही त्या गाळात अ‍ॅस्परजिलस कुळातली बुरशी निघाली. याच कुळातली बुरशी आपल्या शेतातल्या मातीतही असते.

शास्त्रज्ञ तिच्या मागे का लागतात? बुरशीला पळता येत नाही. अन्नावर जिवाणू टपले, की काही बुरश्या त्यांना मारणारं रसायन सोडतात. माणसानं त्याचंच औषध केलं. 1945 साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर डॉ. ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना, शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे, अशीच एक बुरशी सापडली. तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं आली. डॉक्टर लिहून देतात ती सेफिक्झीम याच गटातली. पण त्या शोधापासून पहिलं औषध बाजारात यायला जवळपास वीस वर्षं लागली. खोल समुद्रातल्या बुरशीतही जिवाणूंना रोखणारी रसायनं सापडत आहेत, पण प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट अशीच लांब असते.

म्हणून हाताशी असलेली औषधं जपायची. सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या लेकराला देऊ नका, शेजारणीलाही देऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस गोळ्या घ्या. विनाकारण घेतल्या तर जिवाणू त्यांना सरावतात, आणि खऱ्या दुखण्यात गोळी लागू पडत नाही.

आणखी एक. बुरशीतून औषध निघतं म्हणून बुरशी आलेलं काही खाऊ नका. त्याच अ‍ॅस्परजिलस कुळातली एक बुरशी ओलसर शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक असतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. शेंगा कडक वाळवूनच पोत्यात भरा. बुरशी आलेले दाणे कुटात घालू नका, जनावरांनाही घालू नका.