शर्यत पुरी न झाल्याविषयीं

(महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगीं वक्त्यानें पार पडलेल्या कार्याविषयीं बोलावें असा संकेत आहे. मंदिर उभें राहिलें, शाळा निघाली, विहिरीस पाणी लागलें, अशा गोष्टींनीं हीं भाषणें भरलेलीं असतात, व तीं तशीं असावींत हेंच योग्य. आम्हांस मात्र आज एका अपुऱ्या राहिलेल्या कार्याविषयीं बोलावयाचें आहे. आणि तें कां, हें आधींच सांगून टाकलेलें बरें.

या स्मरणिकेंत धर्मग्रामांतील मंडळींनीं मिळविलेल्या यशाची एक यादी छापावयाची आहे. तिच्या कच्च्या खर्ड्यांत आमच्या नांवापुढें असें लिहिलें होतें कीं, गोव्याची लोहपुरुष शर्यत आम्हीं पूर्ण केली. ती आम्हीं पूर्ण केलेली नाहीं. चूक यादी करणाऱ्यांची नव्हे. २०२२ सालीं आम्ही गोव्याहून परत आलों, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारीं मिस्सा संपल्यावर सूचना वाचतांना भाबडेपणानें आमचें अभिनंदन करण्यांत आलें. टाळ्या वाजल्या. एका लहान मुलीनें आमच्या हातीं शेवंतीचें फूल दिलें, आणि तें घेऊन, मान लववून, आम्ही खालीं बसलों. उभें राहून दोन शब्द सांगावयास अर्धें मिनिट पुरलें असतें. तें अर्धें मिनिट आम्हांस त्या दिवशीं सांपडलें नाहीं, आणि पुढें जसजसे रविवार गेले तसतसें तें सांपडणें अधिकच कठीण होत गेलें. अखेर यादी दुरुस्त करावी म्हणून आम्ही समितीकडे गेलों, तेव्हां मंडळी म्हणाली कीं, नुसती ओळ खोडून काय होणार, सभेंतच सांगा. म्हणून आज उभे आहों.

ही शर्यत म्हणजे काय, हें सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. तिला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणें, सायकल चालविणें व धांवणें हीं तिन्ही एकापाठोपाठ एक करावयाचीं. मध्यें कपडे बदलण्यास लागणारा वेळहि मोजणींत धरतात. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, शेवटीं ४२.२ किलोमीटर धांवावें लागतें, आणि हें सारें साधारणतः १७ तासांचे आंत. तिचें इंग्रजी नांव आयर्नमॅन. लोहपुरुष म्हटलें कीं आपणांस सरदार पटेल आठवतात. आमच्यासारख्या शाळामास्तरास तो शब्द लावणें हें मुळांतच हास्यास्पद आहे, म्हणून आम्ही तो टाळतों. गोव्यास मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ सालीं जी सुरू झाली ती या शर्यतीची अर्धी आवृत्ति: १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धांवणें. मुदत साडेआठ तास. परंतु मधल्या मुदतीहि असतात. पोहणें १ तास १० मिनिटांत संपलें पाहिजे, आणि पाण्यांत उतरल्यापासून साडेपांच तासांत सायकल परत आली पाहिजे. न आल्यास पुढें धांवूं देत नाहींत. या नियमाविषयीं आमची तक्रार नाहीं. रस्ते कितीही वेळ अडवून ठेवतां येत नाहींत, आणि थकलेल्या माणसास आपण किती थकलों आहों हें बहुधा कळत नाहीं; तेव्हां तें दुसऱ्या कोणीं तरी ठरवावें हें बरें.

शर्यतीचा जन्म हवाई बेटांवर एका वादांतून झाला. पोहणारा अधिक दमदार, सायकलवाला अधिक दमदार, कीं धांवणारा? अमेरिकन नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनीं तेथील तीन निरनिराळ्या शर्यती एकाच दिवसांत जोडून देण्याची कल्पना काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं १५ जण निघाले. गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. त्याच्या पुढें असलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचें पाणी वाटेंत संपलें, आणि त्यांनीं त्यास बियर पाजली. पुढें काय झालें तें आमच्या या मंडळींस विस्तारानें सांगावयास नको. तो दुसरा आला. एकंदर १२ जणांनीं शर्यत पूर्ण केली. पंधरांतून बारा वजा जातां तीन उरतात. या तिघांची गोष्ट कोणी सांगत बसत नाहीं, आणि आम्हींही गोव्यास जाण्यापूर्वीं ती वजाबाकी कधीं केली नव्हती.

आम्ही मूळचे वसईचे. बावखलांत पोहावयास शिकलों, आणि शिक्षकाच्या नोकरीनिमित्त जव्हारास येऊन येथलेच झालों. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं हें वेड डोक्यांत शिरलें. पोहण्याच्या सरावासाठीं सुटीच्या दिवशीं डहाणूस जावें लागे, आणि तेंही भरतीची वेळ पाहून, कारण ओहोटीस तेथें समुद्र फार दूर जातो. सायकलीस मात्र कोठें जावें लागलें नाहीं. जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंच. विक्रमगडाकडून यावयाचें तर घाट. मोखाडा व तेथून खोडाळा असें जावयाचें तर रस्ता दरींत उतरतो आणि पुन्हां डोंगरावर चढतो. त्र्यंबकाकडे वळलें तर तोरंगणचा घाट वाट पाहात असतो. श्रावणांत धुक्यांतून सायकल हांकतांना पुढच्या चाकापलीकडचें दिसत नसे. याच मुलखांत चार महिने अतोनात पाऊस पडतो, आणि याच मुलखांत वैशाखांत बायकांस हंडे घेऊन दूरदूरच्या विहिरी धुंडाव्या लागतात.

अशाच एका मे महिन्याच्या सकाळीं मोखाड्यापलीकडच्या चढावर डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई आम्हांस भेटली. भेटली म्हणजे काय, ती आपल्या चालीनें चालली होती व आम्ही सायकलीवरून बरोबर तेवढ्याच चालीनें तिच्या बाजूस चढत होतों, त्यामुळें बराच वेळ सोबत झाली. तिनें विचारलें कीं, मास्तर, काय घेऊन चाललांत? आम्हीं म्हटलें, कांहीं नाहीं. खोडाळ्यापर्यंत जावयाचें आणि परत यावयाचें. तिनें जरा विचार केला, आणि मग परत यावयाचेंच होतें तर चढ लागण्याआधींच कां नाहीं वळलांत, असें अगदीं सरळ मनानें विचारलें. उत्तर देण्यास आम्हांपाशीं श्वास नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर उत्तरहि नव्हतें. अद्यापि नाहीं.

असो. डोंगरांतील सरावाचा एक दोष आमच्या ध्यानांत आला नाहीं. चढावर कितीही दमलें तरी उतारावर पाय स्थिर ठेवून विसांवा मिळतो. सपाट रस्त्यावर तो मिळत नाहीं. तेथें तासन् तास पाय मारीतच राहावें लागतें. दुसरा दोष पोटाचा. वर्षभर आम्हीं नागलीची भाकर, गूळ, केळीं व मीठ-लिंबाचें पाणी यांवर सराव केला, आणि शर्यतीच्या दिवशीं मात्र दुसऱ्यांचें पाहून चकचकीत पुड्यांतला गोड चिकट पाक बरोबर घेतला. तो आम्हीं पूर्वीं कधीं चाखलाही नव्हता.

पाण्यांतून बाहेर आलों तेव्हां १ तास २ मिनिटें झालीं होतीं, म्हणजे ८ मिनिटें हातांत होतीं. पायांची वाळू पुसून, मोजे नीट चढवून, सायकलीवर बसेपर्यंत ९ मिनिटें गेलीं. एखाद्या लग्नास निघालों असतों तरी याहून अधिक लागलीं नसतीं. पहिले पन्नास किलोमीटर बरे गेले. नंतर तो गोड पाक पोटांत ढवळूं लागला, म्हणून खाणें थांबविलें. तहान मात्र भागेना, म्हणून नुसतें पाणी पीत राहिलों. ही मोठी चूक. घामावाटें मीठ जातें, आणि नुसतें पाणी फार प्यालें तर रक्तांतील मिठाचें प्रमाण आणखी उतरतें. मळमळतें, डोकें जड होतें, आणि अति झाल्यास तें जिवावरही बेततें. तरुणांनीं एवढें तरी या भाषणांतून घरीं न्यावें. आमच्या मांडीस दोनदां गोळे आले, आणि दोन्ही वेळां सायकलीवरून उतरून रस्त्याच्या कडेस उभें राहावें लागलें.

ऐंशीव्या किलोमीटराच्या सुमारास घड्याळ पाहिलें. उरलेलें अंतर, उरलेला वेळ, आमची गति: चौथीच्या मुलासहि सुटेल असें गणित. आम्ही गणितच शिकवितों. उत्तर एकदां आल्यावर आम्हीं तें आणखी तीनदां केलें, जणूं फळ्यावरचें उत्तर रागें भरल्यानें बदलणार होतें. पुढचे दहा किलोमीटर कशाकरितां चालविले असें पुष्कळांनीं विचारलें. नव्वद तरी पुरे करावे, एवढेंच मनांत होतें. सायकल परत आणली तेव्हां ५ तास ४१ मिनिटें झालीं होतीं. एका स्वयंसेविकेनें, वयानें आमच्या विद्यार्थिनीएवढीच असेल, घोट्याची वेळ मोजणारी पट्टी वांकून सोडून घेतली आणि क्षमा मागितली. तिनें क्षमा मागावी याचेंच आम्हांस फार वाईट वाटलें. आमचें कुटुंब कठड्यापलीकडे उभें होतें. तिनें काय झालें हें विचारलें नाहीं. कांहीं खाल्लें का, एवढेंच विचारलें.

त्या ११ मिनिटांनीं आम्हांस पुढें कित्येक आठवडे झोंप दिली नाहीं. मोज्यांचीं चार, पहिल्या गोळ्याचीं तीन, दुसऱ्याचीं पांच, असा हिशेब रात्रीं चाले, आणि दर रात्रीं आम्ही ती शर्यत एखाद्या मिनिटानें जिंकत असूं. अखेर एके दिवशीं तो सर्व हिशेब वहींत लिहून काढला. लिहिल्यावर दिसून आलें कीं कोणतेंही एक मिनिट चोरीस गेलेलें नव्हतें; तीं सर्व आमचींच होतीं, आणि आमच्याच हातून गेलेलीं होतीं. तेव्हांपासून झोंप येऊं लागली. वहींत बसेना असें एकच राहिलें: मिस्सेनंतरचें तें अर्धें मिनिट.

याच सुमारास जुन्या ऑलिंपिक सामन्यांचे निकाल चाळतांना आमची नजर एका नांवावर थांबली. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें हिंदुस्थानचा पहिला चमू गेला, तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे गडी पाहून सर दोराबजी टाटांनीं जो पुढाकार घेतला त्याचें फळ होय. मॅरेथॉनमध्यें दोन मराठी मुलखांतले वीर धांवले. त्या वर्षींचें अंतर ४२.७५ किलोमीटर होतें, आजच्याहून अर्ध्या किलोमीटरानें अधिक. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्यांस २ तास ५० मिनिटें व कांहीं सेकंद लागले. दुसरे सदाशिव दातार. त्यांच्या नांवापुढें वेळ नाहीं. शर्यत पूर्ण केली नाहीं, एवढीच नोंद आहे. पण नांव आहे. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी तें कोणी खोडलें नाहीं, आणि त्यापुढें एखादी सोयीची वेळही कोणी भरून टाकली नाहीं. तीच गोष्ट आम्हांस फार धीर देऊन गेली, कारण आमच्या नांवापुढें अशी वेळ भरली गेली होती आणि आम्हीं ती भरूं दिली होती.

कोणी म्हणेल, पुन्हां जा व पूर्ण करा. तसेंही घडतें. नाशिक आम्हांस त्र्यंबकमार्गें ऐंशीएक किलोमीटर; त्या वेळीं तेथें नेमणुकीस असलेले सैन्यांतील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीं २०१६ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकल-शर्यत एकट्यानें करून पाहिली, व ती अपुरी राहिली. २०१७ सालीं ते पुन्हां गेले आणि बारा दिवसांच्या मुदतींत ती पूर्ण केली. त्याच वर्षीं नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनींही ती पार पाडली. ही गोष्ट फार मोठी आहे, आणि आमच्या मुलांस आम्ही ती आवर्जून सांगतों. परंतु सांगतांना जरा अडखळतोंही. अपुरी राहिलेली प्रत्येक गोष्ट पुढल्या यशाची पहिली पायरीच होती, असें ऐकण्याची लोकांस फार हौस असते. गोकुळनाथांनीं २०१७ सालीं शर्यत सोडून दिली असती तरीही २०१६ ची त्यांची मेहनत खोटी ठरली नसती. आम्ही अद्याप पुन्हां गेलों नाहीं. कदाचित् जाऊं, गुडघे व शाळेच्या रजा काय म्हणतात त्यावर तें आहे.

एवढें मात्र केलें. एके पहांटे जव्हारच्या रस्त्यावर ते राहिलेले २१.१ किलोमीटर धांवून पाहिले. २ तास ५६ मिनिटें लागलीं. वाटेंत एका पाड्यावरचीं शाळेंत जाणारीं पोरें कांहीं वेळ बरोबर धांवलीं व कंटाळून मागें राहिलीं. गोव्याच्या शर्यतीशीं या धांवण्याचा कांहीं संबंध नाहीं, आणि तें यादींत घालूं नये.

यादींत घालावयाची ओळ आम्हीं समितीस लिहून दिली आहे, ती वाचून दाखवितों व आपली रजा घेतों: “गोवा, २०२२. पोहणें १.९ किलोमीटर, मुदतींत. सायकल ९० किलोमीटर, ११ मिनिटें उशिरा. धांवणें नाहीं. शर्यत अपुरी.” आणि ज्या मुलीनें आम्हांस शेवंतीचें फूल दिलें, ती आतां मोठी झाली असून याच सभेंत बसली आहे. तिचें तें फूल आम्हीं परत केलेलें नाहीं. तें वाळून गेलें आहे, पण ती मागेल तर देऊं.