भरलेली बॅटरी, तापलेली दिल्ली

(दिल्लीतील मराठी श्रोत्यांसमोर उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. एका टोकाला तेव्हाच्या कलकत्त्यात मुख्यमंत्री ज्योती बसू होते आणि दुसऱ्या टोकाला इथे दिल्लीत, संचार भवनात, केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम. त्यानंतरच्या वर्षांत ज्यांनी करोल बागेतल्या गफ्फार मार्केटमधून आपला पहिला फोन घेतला, त्यांना दुकानदाराचा सल्ला आठवत असेल : पहिल्यांदा रात्रभर चार्जिंगला लावा, आणि पुढे बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जरला हात लावू नका.

हा सल्ला निराधार नव्हता. त्या पिढीच्या अनेक फोनांत निकेलच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियमची बॅटरी पुन्हा पुन्हा अर्धवट उतरवून भरली, तर ती पुढे तेवढाच भाग वापरू देते. म्हणून तिला मधूनमधून पूर्ण रिकामी करावी लागे. फोनमधून ती बॅटरी कधीच गेली, सल्ला मात्र घराघरांत टिकून राहिला. आजही मुलगा चाळीस टक्क्यांवर फोन चार्जिंगला लावतो तेव्हा वडील म्हणतात, ‘आधी उतरू दे की!’

आपला दुसरा वारसा बाल्कनीत किंवा जिन्याखाली बसलेला आहे, तो म्हणजे इन्व्हर्टर. त्याची लेड-ॲसिड बॅटरी हा १८५९ सालचा शोध, फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांचा. या बॅटरीला भरलेलं राहणं मानवतं. ती बराच काळ अर्धी किंवा रिकामी पडली, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तिची ताकद कायमची घटते. गाझियाबाद, फरिदाबाद, नोएडात ज्यांनी लाइट जाण्याचे उन्हाळे काढले, त्यांच्या घरचा नियमच होता की लाइट आहे तोवर सगळं भरून ठेवायचं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेचा ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळला, तेव्हा तो नियम पाळणाऱ्यांच्याच घरात पंखे फिरले. टंचाईतून आलेल्या या शहाणपणाविषयी मला मनापासून आदर आहे. पण खिशातल्या फोनची बॅटरी तिसऱ्याच जातीची आहे, आणि तिला हे दोन्ही नियम जाचतात.

ही लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

तिच्या आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं लिथियमयुक्त ऑक्साइड असतं, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट, आणि मध्ये एक सेंद्रिय द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरताना परत येतात. पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक अतिपातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच, कारण तो द्रवाला ग्रॅफाइटपासून दूर ठेवतो. पण तो वाढत राहतो, आणि त्याच्या वाढीत जे लिथियम अडकतं ते पुन्हा कामाला येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ शंभराची पंच्याऐंशी झालेली दिसते, त्यामागे मुख्यतः हे अडकलेलं लिथियम असतं.

हा पापुद्रा दोन गोष्टींनी झपाट्याने वाढतो. एक उष्णता, दुसरी बॅटरी काठोकाठ भरलेली असणं. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, नव्या फोनांत ४.४ च्या आसपास. त्या दाबाला आतला द्रव हळूहळू मोडतो, वायू सुटतो, आणि एक दिवस लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसतो. बॅटरी फुगते ती अशी. आणि हे सगळं फोन नुसता कपाटात पडून असला तरी चालू असतं. म्हणून बॅटरी किती वेळा चार्जिंगला लावली याची मोजदाद करण्यापेक्षा ती किती तास तापलेली आणि किती तास भरलेली राहिली, हे पाहावं.

बॅटरीच्या अभ्यासकांमध्ये एक तक्ता नेहमी दाखवला जातो. लिथियम-आयन बॅटरी २५ अंश सेल्सिअसला, चाळीस टक्के भरून वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ४ टक्के क्षमता जाते. त्याच तापमानाला पूर्ण भरून ठेवली तर २० टक्के. तापमान ४० अंश केलं, तर चाळीस टक्के भरलेली बॅटरी वर्षात १५ टक्के गमावते आणि पूर्ण भरलेली ३५ टक्के. प्रत्येक कंपनीच्या सेलला हे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत, पण त्यांची दिशा पक्की आहे.

चाळीस अंश ही युरोपातल्या प्रयोगशाळेला कसोटी वाटत असेल. आपल्याला ती मे महिन्यातली साधी दुपार आहे. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या हवामान केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. नंतर हवामान खात्याला तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. तीन अंश वजा करा, तरी पन्नाशीच येते. फोनच्या कंपन्या सांगतात, ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरू नका. दिल्लीकराने हे पाळायचं तर लू चालते ते दिवस फोन बंदच ठेवावा लागेल! त्यामुळे जे आपल्या हातात आहे तेवढंच बोलू.

उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका, चार्जिंगला लावलेला तर अजिबात नको. चार्ज करताना जाड कव्हर काढा. फोन उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका. फरशी किंवा लाकडी टेबल बरं. फोन चार्जिंगला असताना त्यावर गेम आणि व्हिडिओ कॉल नको, कारण दोन्हीकडची उष्णता एकाच जागी साचते. संध्याकाळच्या चहाच्या वेळी पाऊण-एक तास चार्ज केला तर बहुतेकांचा दिवस निघतो. रात्रभर लावायचाच असेल, तर बऱ्याच फोनांत ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची किंवा पहाटेपर्यंत शेवटचा टप्पा लांबवण्याची सोय असते, ती चालू करा. गुरुग्राम-नोएडात घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप महिनोन्महिने प्लगला असतात. त्यांच्यासाठी तर हीच एक सेटिंग मोलाची आहे.

फास्ट चार्जिंग वाईट का, असं हमखास विचारतात. संध्याकाळी राजीव चौकला रिकामी मेट्रो आली, तर पहिले प्रवासी धावत जाऊन बसतात. शेवटच्यांना रेटून, जागा करून घ्यावी लागते. आयनांचंही तसंच. म्हणून चार्जर पहिले साठ-सत्तर टक्के जोरात भरतो आणि पुढे स्वतःच मंदावतो. रचना समजून केलेली आहे, तिला घाबरायचं कारण नाही. फक्त जोराच्या भरण्यात उष्णता जास्त, तेव्हा उन्हाळ्याच्या दुपारी साधा चार्जर वापरावा आणि थंडीत फास्ट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेरून आलेला गारठलेला फोन मात्र घरात थोडा ऊबदार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. थंड ग्रॅफाइटवर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं.

आता उलट टोक. पूर्ण उतरणंही या बॅटरीला सोसत नाही. एखाद्या सेलमधला दाब फार खाली गेला, तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि संरक्षक सर्किट अशी बॅटरी पुन्हा भरू देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण महिना-दीड महिना महाराष्ट्रात जातो. जुना टॅबलेट, कॅमेरा, मुलांचा लॅपटॉप बंद घरात राहतो. कोणी तो फुल चार्ज करून जातं, कोणी तसाच रिकामा टाकून. दोन्ही नको. निम्मा भरा, बंद करा, आणि गच्चीलगतच्या खोलीत न ठेवता घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. खोल उतरण्याचा धोका अवकाशातही सुटत नाही. मंगळयान सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं आणि आठ वर्षं टिकलं. त्याची बॅटरी सुमारे एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणासाठी घडवलेली होती. २०२२ मध्ये साडेसात तासांचं ग्रहण आलं आणि संपर्क तुटला. इंधनही संपलं असावं, असा इस्रोचा अंदाज आहे. पण एवढा लांब अंधार त्या बॅटरीच्या मर्यादेपलीकडचा होता.

डुप्लिकेट बॅटरीबद्दल एकच गोष्ट सांगतो. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबाबत इशारा दिला. जगभरातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, चार्ज करताना तापण्याची शक्यता. भारतात लोकांनी दुकानांपुढे गर्दी केली होती. नामांकित कंपनीच्या मालाची ही कथा, तर नाव खरवडलेल्या सेलची काय हमी? भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी असलेला सेल घ्या. बॅटरी फुगली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात तर टाकूच नका. देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आहेत; वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तरी ईशान्य दिल्लीत सीलमपूरच्या गल्ल्यांमध्ये आजही आपले जुने फोन उघड्या हातांनी फोडले जातात. तुमची बॅटरी दोन वर्षांऐवजी चार वर्षं टिकली, तर त्या हातांखालून जाणारा एक सेल तरी कमी होतो.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम केला की नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून-उतरूनही किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी. आपल्याकडे असा नियम व्हायला हवा, आणि तो चाळीस अंशांत तपासलेला हवा. पंचवीस अंशांच्या खोलीतलं प्रमाणपत्र दिल्लीच्या ग्राहकाला अपुरं आहे.

शेवटी ज्यांच्याविषयी बोलल्याशिवाय मला हे व्याख्यान संपवता येणार नाही, ते या सभागृहात नाहीत. आपल्या दाराशी जेवण आणि किराणा आणणारी मुलं. त्यांचा फोन मोटरसायकलच्या हँडलवर उघड्या उन्हात असतो. नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजळलेली, खालून पॉवर बँक जोडलेली. बॅटरी लवकर मारायची तर याहून नेमकी योजना सुचणार नाही. आणि फोन गेला की त्या दिवसाची कमाई गेली. ‘ऐंशी टक्क्यांवर थांबा’ हे त्यांना सांगणं निरर्थक आहे, कारण त्यांना शंभरही पुरत नाहीत. त्यांना सावली हवी : फोनवर एक छोटा छज्जा, पॉवर बँक उन्हाऐवजी पिशवीत, आणि दुपारी दहा-पंधरा मिनिटं गार जागी चार्ज करायची सोय.

या सभेत द्वारका, मयूर विहार, इंदिरापुरम, नोएडातल्या सोसायट्यांचे आणि आरडब्ल्यूएचे पदाधिकारी बसलेले मला दिसतात. तुमच्या प्रवेशद्वारावर रखवालदाराची चौकी आहे, तिथे वीज आहे, पंखा आहे. चौकीच्या सावलीच्या बाजूला चार सॉकेटचा एक बोर्ड आणि फोन ठेवायला एक फळी लावा, शेजारी पाण्याचा माठ. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि खर्चावर कोणी अडलं तर मला बोलवा.