करार नोंदवून घ्या



 पुण्यातल्या या परिषदेला घरमालक, वकील आणि एजंटांबरोबर स्वागत समितीच्या निमंत्रणाला मान देऊन भाडेकरूंचे प्रतिनिधीही आले आहेत, याचा विशेष आनंद आहे.

आजही कितीतरी घरमालक स्टॅम्पपेपरवर भाड्याचा करार टाइप करतात, नोटरीचा शिक्का घेतात आणि निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा. ती जबाबदारी मालकाची. कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा फटका मात्र वेगळाच आहे. असा करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं आणि ते खोडून काढणं मालकाच्या गळ्यात पडतं.

लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदलेला असेल, तर मुदत संपताच जागा परत मिळवण्यासाठी कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जागा अडवून धरणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि हा कागद भाडेकरूचाही आहे, हे मी आग्रहाने सांगतो. नोकरीसाठी इथे आलेल्या मुलीने भरलेलं डिपॉझिट किती, ते परत कधी मिळायचं, हे त्यावर पक्कं लिहिलेलं असतं.

खर्च म्हणाल, तर महिना 20,000 भाड्याच्या अकरा महिन्यांच्या साध्या करारावर सरकारी शुल्क दोन-अडीच हजारांत भागतं. नोंदणी घरबसल्या होते. पण त्यासाठी अंगठ्याचा ठसा लागतो, आणि सत्तरीच्या एखाद्या आजींचा झिजलेला अंगठा यंत्र घेत नाही. एजंट ओल्या रुमालाने बोट पुसतो, दुसरं बोट लावून बघतो, तेही जमत नाही. आजी ओशाळतात. त्यांचा काय दोष? अशा ज्येष्ठांची अडवणूक होऊ नये, यासाठी या परिषदेने ठोस मागणी केलीच पाहिजे.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं, सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क, नोंदणीच्या सूची क्रमांक दोनमधल्या नावाच्या चुका, हे विषय दुपारच्या सत्रांत येतीलच. शंका असलेले करार सोबत आणले असतील, तर बाहेरच्या टेबलावर आमचे वकील मित्र ते तपासून देतील.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी विनंती करतो.