परक्या विमानतळावरील पहिली घटका



जळगांवाशेजारचें असोदा हें बहिणाबाई चौधरींचें माहेर. १८८० सालीं जन्मलेल्या या कवयित्रीचें सासर जळगांवांत, म्हणजे अवघ्या कांहीं मैलांवर. लेक सुखरूप पोंचल्याचें वर्तमान त्या काळीं बाजारास आलेल्या एखाद्या गाडीवानाकडूनहि कळत असेल. आज खानदेशांतील कित्येक घरचीं लेंकरें समुद्रापलीकडे नोकरीस आहेत. असोद्यासारख्या गांवांतील वृद्ध आईबाप त्यांना भेटावयास निघतात. रात्रीची आगगाडी धरून मुंबईस जातात, विमानांत बसतात, आणि परक्या भूमीवर उतरतांच त्यांच्या हातांतील फोन मुका होतो. त्या पहिल्या घटकेविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्वीं बोटीनें विलायतेस पोंचलेला मनुष्य तारघरांत जाऊन सुखरूप पोंचल्याची तार करी. यंत्र तारबाबूच्या स्वाधीन. प्रवाशानें मजकूर आणि पैसे तेवढे द्यावयाचे. आपल्याकडील ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. आतां यंत्र आपल्या खिशांत आहे, आणि तारबाबूचें कामहि आपल्याच गळ्यांत आलें आहे.

अडचणीचें मूळ असें कीं, विमानतळावर फुकट वायफाय असतें खरें. पण पुष्कळ ठिकाणीं तें सुरू होण्यापूर्वीं तुमचा नंबर विचारलें जातें आणि त्या नंबरावर ओटीपी धाडला जातो. तो यावा तर आपलें सिम परदेशांत जागें असलें पाहिजे. आणि रोमिंगची सोय निघण्यापूर्वीं करून घेतली नसेल, तर तें जागें होत नाहीं. किल्ली पेटींत राहून पेटीला कुलूप लागावें, तसा हा प्रकार! मुंबईस उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यासहि हाच अनुभव येतो, तेव्हां कोणा एका देशास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. कांहीं ठिकाणीं पारपत्र दाखविल्यावर सोय होते. चौकशीच्या खिडकीवर विचारण्यास संकोच करूं नये.

हल्लीं ई-सिम म्हणून एक प्रकार निघाला आहे. तें बाहेरून बसवावें लागत नाहीं, पण फोनांत उतरवून घेण्यासच इंटरनेट लागतें. म्हणून तें घरीं बसूनच घ्यावें. आपला फोन त्यास योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं *#०६# दाबावें. ईआयडी नांवाचा लांबलचक आंकडा दिसला, तर योग्य समजावा. जुनें सिम मात्र काढून टाकूं नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्याचें रोमिंग चालू आणि डेटा रोमिंग बंद, अशी व्यवस्था असावी. एरवीं बिल पाहून डोळे पांढरे व्हावयाचे.

दुबईस विमान बदलणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथें व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर जातो, पण त्यावरून बोलणें बहुधा साधत नाहीं. अशा वेळीं घाबरून न जातां दोन ओळी लिहाव्या.

या बाबतींत मला मुलांचाच थोडा राग येतो. 'सगळें करून दिलें आहे' एवढें सांगून तीं मोकळीं होतात. पण करून देणें निराळें आणि शिकविणें निराळें. निघण्यापूर्वीं असोद्याच्या घरींच एकदां तालीम करावी. फोन विमान-स्थितींत टाकावा, म्हणजे सिम निजलें. मग नुसतें वायफाय सुरू करून आईनें स्वतःच्या हातानें मुलास फोन लावावा. दोनदां चुकेल, तिसऱ्यांदां लागेल.

इतकें करूनहि फोन उपयोगी पडेलच असें नाहीं. अमेरिकेंत पारपत्र-तपासणीच्या दालनांत तो वापरण्यास मनाई असते, आणि कोठें उतरणार हें तर तेथेंच विचारलें जातें. लेवा बोलींत उभें आयुष्य गेलेल्या माउलीनें इंग्रजी पत्ता तोंडपाठ कसा म्हणावा? तिच्यापाशीं कागद हवा. त्यावर मुलाचें नांव, घराचा पत्ता, देशाच्या आंकड्यासह फोन नंबर, आणि भेटण्याचें ठरलेलें दार, इतकें ठळक इंग्रजींत लिहिलेलें असावें. रांगा मोठ्या असल्या तर बाहेर येण्यास दोन तासहि लागतात. न्यायला आलेल्या मुलानें तें दार सोडूं नये, आणि जळगांवच्या मंडळींनीं तोंवर धीर धरावा. कागद मात्र हातांतल्या पिशवींत ठेवावा. मोठ्या पेटींत ठेवलेला कागद, ती पेटी पट्ट्यावरून फिरत येईपर्यंत, कोणाच्याच कामाचा नाहीं.