अन्नाचे भय : हट्ट नव्हे, आजार



अन्नाला देव मानणाऱ्या आपल्या समाजात वाढलेल्या ताटाचे कुणाला भय वाटत असेल, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. वाढत्या वयातील मुलगी एकामागून एक उपवास धरू लागली की घरात तिच्या श्रद्धेचे कौतुक होते. तिने ताट परतवले की हट्टी म्हणून तिला बोल लावले जातात. परंतु कौतुक आणि राग या दोहोंच्या आड कधी कधी एक गंभीर आजार वाढत असतो. इंग्लंडमधील वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ साली त्याला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. यात देह अस्थिपंजर झाला, तरी आपण स्थूलच आहोत असे रुग्णास वाटत राहते. ‘बुलिमिया’ या दुसऱ्या प्रकारात रुग्ण एकाच वेळी अतोनात खातो व मग चोरून वांती करतो. वजन बेताचे राहत असल्याने त्याचा संशयही येत नाही. हे विकार मुलांनाही जडतात.

उपासमार मनालाही कशी ग्रासते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दिसून आले. तेथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. ते चिडचिडे व उदास बनले. अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. तेव्हा अशा रुग्णाशी वाद घालणे किंवा त्यास धाक दाखवणे व्यर्थ होय.

डबा न उघडता परत नेणे, जेवताच मोरीकडे धावणे, सतत थंडी वाजणे, घेरी येणे, मासिक पाळी थांबणे ही लक्षणे शिक्षकांनी व पालकांनी ओळखावीत. वारंवारच्या वांत्यांनी रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची गती बिघडू शकते. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट खाऊ घालणेही जिवावर बेतू शकते; आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. त्याच्या जोडीने मानसोपचार आवश्यक असतात. किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची जबाबदारी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली आईवडिलांनी उचलल्यास चांगला गुण येतो.

गोमंतकात बांबोळी येथील शासकीय मानसोपचार संस्थेत उपचारांची सोय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. वेळीच उपचार सुरू झाल्यास रुग्ण बरा होण्याची आशा अधिक असते. लोकलज्जेपायी ती वेळ कुणीही दवडू नये.